चूक हाताची की हत्याराची?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला महापापाच्या तीन अटी तोंडपाठ कराव्या लागत. विषय गंभीर हवा, कर्त्याला त्याची पूर्ण जाणीव हवी आणि त्याची संमती मोकळी हवी. यांपैकी एकही अट उणी पडली, तर कृत्याचा परिणाम कितीही भयंकर असो, ते महापाप ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस आणि संत आल्फोन्सस लिगोरी यांच्यासारख्यांनी ही छाननी शतकानुशतके इतक्या बारकाईने केली आहे की, जगातल्या कोणत्याही न्यायालयाने तिचा हेवा करावा. मात्र या साऱ्या विचारात एक गोष्ट जवळपास गृहीत धरलेली असे. ती ही की, कृत्य माणसाचे असते आणि त्याच्या हातातले हत्यार निरपराध असते. कुऱ्हाडीला कोणी पापनिवेदनाला पाठवीत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या गृहीताला धक्का बसला. तो धर्मशास्त्रज्ञांकडून नव्हे, तर लढाऊ विमानांच्या तळांवरून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमाने सुखरूप परतत, धावपट्टीवर टेकत आणि मग वैमानिक स्वतःच्या हाताने विमानाची चाके पोटात ओढून घेई; विमान पोटावर घसरत जाई. अहवालात नोंद होई, 'वैमानिकाची चूक'. आल्फोन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांऐवजी खटक्यांकडे पाहिले. चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका शेजारी-शेजारी होते आणि दिसायला सारखे होते. त्याने एका खटक्याला चाकासारखी गोल मूठ बसवली आणि दुसऱ्याला पाचरीसारखी. अंधारात, थकलेल्या हातालासुद्धा स्पर्शाने फरक कळू लागला. पुढे 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा 460 चुका गोळा करून तपासल्या आणि दाखवून दिले की, चुका एकाच साच्याच्या आहेत आणि तो साचा उपकरणांच्या मांडणीत आहे. माणूस आणि यंत्र यांच्या नात्याचे हे शास्त्र आज ह्यूमन फॅक्टर्स किंवा अर्गोनॉमिक्स या नावाने ओळखले जाते.

विमानतळावरून हे शास्त्र रुग्णालयात पोहोचायला मात्र तीस वर्षे लागली. एक अपवाद सांगायला हवा. भूल देण्याच्या यंत्राला प्राणवायूऐवजी नायट्रस ऑक्साइडची टाकी जोडली जाऊन रुग्ण दगावू नये, म्हणून 1952 पासून टाकीच्या तोंडाशी ठरावीक जागी भोके आणि यंत्रावर त्याच जागी खिळे अशी पद्धत आली. चुकीची टाकी बसतच नाही. आपल्याकडे प्राणवायूची टाकी काळी आणि खांद्याशी पांढरी, तर नायट्रस ऑक्साइडची निळी असते. पण रंग पाहायला डोळा जागा असावा लागतो. खिळ्याला डोळ्याची गरज नसते. पुढे 1978 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील जेफ्री कूपर नावाच्या अभियंत्याने भूलतज्ज्ञांना विश्वासात घेऊन टळू शकणाऱ्या 359 दुर्घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र सरळसरळ बिघडले, अशा घटना 14 टक्के होत्या आणि माणसाच्या हातून चूक झाली, अशा 82 टक्के. हा आकडा वाचून कोणी म्हणेल, म्हणजे माणूसच दोषी! कूपर यांनी उलट विचार केला. नळी निसटते तेव्हा ती निसटू शकते म्हणून निसटते. बटण चुकीच्या दिशेला फिरते, कारण ते दोन्ही दिशांना फिरू शकते. दोषी शोधण्यापेक्षा चुकीची वाट बुजवणे अधिक उपयोगाचे. अमेरिकेत भूल दिल्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुढील काळात उतरले, त्यात या विचाराचा मोठा वाटा मानला जातो.

तरीही जुनी सवय सहजी सुटत नाही. टेक्सासमधील टायलर गावच्या कर्करोग केंद्रात मार्च 1986 मध्ये एक घटना घडली. तिथे थेरॅक-25 नावाचे संगणकावर चालणारे किरणोपचाराचे यंत्र होते. यंत्र चालवणारी स्त्री अनुभवी होती आणि तिचा हात झपाझप चाले. तिने एक अक्षर चुकीचे टाइप केले, लगेच मागे जाऊन ते सुधारले आणि उपचार सुरू केला. पडद्यावर 'मालफंक्शन 54' असे शब्द उमटले. याचा उलगडा होईल असे काही पुस्तिकेत नव्हते. असे अर्थहीन इशारे ते यंत्र दिवसातून अनेकदा देई आणि एक कळ दाबली की पुन्हा सुरळीत चाले. तिने कळ दाबली. आतल्या रुग्णाच्या शरीरातून ठरलेल्या मात्रेच्या सुमारे शंभरपट किरण गेले. तो ओरडला, पण त्या दिवशी खोलीतला ध्वनिसंच नादुरुस्त होता आणि कॅमेराही जोडलेला नव्हता. पाच महिन्यांनी तो मरण पावला.

कंपनीचे अभियंते आले, त्यांना यंत्रात काही सापडले नाही, यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये त्याच स्त्रीच्या हातून, त्याच यंत्रावर तेच पुन्हा घडले. यापुढचा भाग आम्हांला फार मोलाचा वाटतो. ती स्त्री खचून घरी बसली नाही. केंद्रातील पदार्थवैज्ञानिक फ्रिट्झ हेगर यांच्याबरोबर ती यंत्रापाशी बसली आणि आपण कोणत्या क्रमाने, किती वेगाने कळा दाबल्या, ते आठवून आठवून पुन्हा करू लागली. अखेर 'मालफंक्शन 54' पडद्यावर उमटले. दुरुस्ती फार जलद टाइप केली की संगणक ती अर्धवटच स्वीकारत असे. थोडक्यात, काम जितके सराईत तितका धोका अधिक! आधीच्या नमुन्यांत अपघात रोखणारे लोखंडी अडसर होते, ते या नमुन्यात संगणकावर विसंबून काढून टाकले होते. 1985 ते 1987 या काळात या जातीच्या यंत्रांवर असे सहा अपघात झाले. तीन अटींची आमची जुनी फूटपट्टी त्या स्त्रीला लावून पाहिली तर ती निर्दोष ठरते, यात शंका नाही. पण आमची फूटपट्टी तिथेच थांबते. ज्यांनी अडसर काढला त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या 'लाबोरेम एक्झरचेन्स' या परिपत्रकात तंत्र हे माणसाचा साथीदार आहे, पण ते त्याच्यावर उलटूही शकते, असा विचार मांडला आहे. टायलरची ती खोली पाहिली की, त्या विचाराला किती धारदार कड आहे, ते कळते.

असो. चुकीची कथा ही अर्धीच कथा आहे. उपकरण कोणाच्या हातासाठी आणि कोणाच्या देहासाठी घडवायचे, हा प्रश्न चुकीच्याही आधी येतो. त्याचे आम्हांला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण 1816 सालचे, पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातले आहे. रने लाएनेक हा ब्रिटनी प्रांतातला श्रद्धावान कॅथलिक डॉक्टर. त्याच्यासमोर हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. देह स्थूल, त्यामुळे छातीवर बोटांनी ठोकून काही कळेना. छातीला थेट कान लावावा, तर तिचे वय आणि स्त्रीत्व आड येई. त्याने कागदांचा जुडगा घट्ट गुंडाळला, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. पुढे तो स्वतःच्या हाताने लाकडी नळकांडी घडवू लागला आणि 1819 मध्ये त्याने या शोधावर ग्रंथ लिहिला. स्टेथोस्कोपचा जन्म एका रुग्ण स्त्रीच्या लाजेचा मान राखण्यातून झाला, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. ज्या क्षयाचे आवाज त्याने जगाला ऐकवले, त्याच क्षयाने 1826 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, त्याला नेले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा तो जिल्हा अवघा चार वर्षांचा होता. मुले न्यूमोनियाने मरत होती. औषध ठाऊक होते, स्वस्त होते, गोळ्या होत्या. नव्हता तो ओळखणारा माणूस. डॉक्टर दूर, रस्ते कच्चे आणि तान्ह्या मुलाचा न्यूमोनिया एक-दोन दिवसांत जीव घेई. साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक एका गोष्टीवरून बराचसा कळतो, तो म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा अधिक श्वास झाले, तर धोका समजावा. यासाठी ना क्ष-किरण लागतो ना स्टेथोस्कोप. मोजता आले पाहिजे, एवढेच.

आणि नेमके तिथेच घोडे अडले. गावात बाळंतपणे करणाऱ्या सुइणी हुशार होत्या, विश्वासाच्या होत्या, रात्री-अपरात्री हाकेला येणाऱ्या होत्या. पण त्यांतल्या बहुतेक निरक्षर होत्या. त्यांची मोजणी बारापर्यंत पोहोचून थांबे. घड्याळ त्यांच्याकडे नव्हते, असते तरी वाचता आले नसते. शिवाय एक अडचण साक्षरालाही आहे, जी आपल्या ध्यानात येत नाही. बाळाच्या हलणाऱ्या छातीवर नजर, मनात आकडा आणि त्याच वेळी सेकंदकाट्यावर लक्ष, असे तिन्ही एकदम साधत नाही. कोणा वाचकाने घरातल्या बाळावर प्रयोग करून पाहावा.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे 'या बायका अडाणी आहेत, यांना जमणार नाही' असे म्हणून परत फिरायचे. शासकीय आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांची ही मळलेली वाट आहे. दुसरी म्हणजे या हातांना जमेल असे उपकरण घडवायचे. बंग दांपत्याने श्वासमापक बनवले. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्याबरोबर तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद, म्हणून त्याची ओळ निराळी. घटिका उलटी करायची, दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. सगळ्यांत शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. बारापर्यंत मोजणाऱ्या स्त्रीला दहाची मर्यादा सोपी, बाकी हिशेब बोटे करतात आणि वेळेचा हिशेब वाळू करते. डोळे बाळावरच राहतात.

मणी म्हटल्यावर आमचे मन कोठे गेले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल. मध्ययुगीन युरोपात मठातले साक्षर संन्यासी 150 स्तोत्रे पठण करीत. शेतकरी, मेंढपाळ, मोलकरणी यांना ती वाचता येत नसत. त्यांनी स्तोत्रांच्या जागी 150 वेळा प्रभूची प्रार्थना किंवा 'नमो मारिया' म्हणण्याची प्रथा पडली आणि मोजणीसाठी दोरीत मणी आले. दहा-दहाचे गट पुढे आले. रोझरीला 'गरिबांचे स्तोत्रपुस्तक' म्हणत, ते यामुळे. बोट मण्यावर सरकत असते म्हणून मन आकड्यातून सुटून येशूच्या जीवनप्रसंगांवर स्थिर राहू शकते. गडचिरोलीच्या सुइणीच्या हातातली माळ आणि आमच्या आजीच्या हातातली माळ यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दोन्हींच्या मागची समज एकच आहे. निरक्षर माणसाला कमी लेखून त्याच्यासाठी हलके काही काढलेले नाही. त्याच्या बोटांत जे सामर्थ्य आहे, त्याला काम दिले आहे.

आणि त्या कामाचे फळ? 1990 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात गडचिरोलीचा अहवाल आला, श्वासमापकावरचा शोधनिबंध 1992 मध्ये. 58 गावांत सुइणी आणि आरोग्यसेवक न्यूमोनिया ओळखून गोळ्या देत. तुलनेसाठी 44 गावे होती. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील मुलांमध्ये न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी 17.5 होते, तर या गावांत 8.1. हे श्रेय एकट्या मण्यांचे नाही. गोळ्या, प्रशिक्षण, देखरेख, गावाचा विश्वास हे सगळे त्यात आहे. तरी ओळखीवाचून गोळीचा उपयोग नव्हता.

पुढे नवजात बाळांचे काम आले. 39 गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांना घरोघर जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब राहावी म्हणून उबदार पिशवी दिली, वजनासाठी टांगण्याचा काटा दिला. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्यासाठी आधी तोंडाने फुंकर, मग नळी आणि मुखवटा, मग हाताने दाबायची पिशवी आणि मुखवटा, असे एकामागून एक साधन वापरून, तपासून बदलले. 1999 च्या 'लॅन्सेट'मधील निबंधानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत 62 टक्के घट झाली. 2011 पासून भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेची योजना देशभर घेतली, तिचे मूळ या गावांत आहे.

'सर्च'च्या रुग्णालयाची हकिगत या विषयाला अगदी लागून आहे. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असे विचारले तेव्हा मिळालेली उत्तरे डॉ. बंग यांनी वेळोवेळी सांगितली आहेत. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही तर मढ्याला पांढऱ्यात गुंडाळतो, मग पांढऱ्यातली माणसे जीव कशी वाचवणार? शोधग्रामचे रुग्णालय यानंतर झोपड्यांच्या गावासारखे बांधले गेले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. आम्हा धर्मगुरूंना यात एक टोचणी आहे. आमच्या धर्मभगिनींनी खेड्यापाड्यांत दवाखाने काढले, त्यागाने चालवले, आणि त्यांचाही वेश बहुधा पांढराच होता. त्या पांढऱ्या रंगाचा समोरच्या माणसाच्या लेखी काय अर्थ होतो, हे आम्ही कितीदा विचारले?

विचारण्यातली हीच कसूर अगदी आधुनिक उपकरणातही शिरते. 2020 च्या महासाथीत, सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत, आशाताई घरोघर बोटाला ऑक्सिमीटर लावून फिरल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतून एक अहवाल प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात घातक पातळीला गेलेला असणे, हे गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के वेळा आढळले. प्रकाश त्वचेतून जातो आणि त्वचेचा रंग त्याला आडवा येतो. सावळ्या माणसांच्या देशात हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही. याच महासाथीत मुंबईच्या आयआयटीतील बेटिक या केंद्रात तयार झालेल्या स्टेथोस्कोपचाही उपयोग झाला. डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणे घडवतात, असे ते केंद्र. संरक्षक पोशाखातल्या डॉक्टराला कानात नळ्या घालता येत नाहीत. या उपकरणाने छातीचा आवाज बिनतारी पोहोचवला. लाएनेकने लाजेसाठी हातभर अंतर ठेवले होते, इथे संसर्गासाठी ते आणखी वाढले.

नवी मुंबईकरांना एवढे दूर जाण्याचीही गरज नाही. खारघरला टाटा मेमोरियलचे 'ॲक्ट्रेक' केंद्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले 'भाभाट्रॉन' हे किरणोपचाराचे यंत्र पहिल्यांदा तेथे बसवले गेले. कोबाल्टचे यंत्र थेरॅकहून वेगळे असते. त्यातला किरणांचा उगम कधी विझत नाही, त्याला काम झाल्यावर जाड कवचाआड परत न्यावे लागते. वीज गेली तर? परदेशी यंत्र घडवणाऱ्याला हा प्रश्न अपवादाचा वाटेल. जिल्ह्याच्या गावी रोजचा आहे. भाभाट्रॉनला म्हणून विजेऱ्यांचा आधार दिला, विजेचा चढउतार सोसेल अशी रचना केली. 2010 मध्ये भारताने असे एक यंत्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमार्फत व्हिएतनामला दिले.

टाटाच्या दारी बिहार, बंगाल, ईशान्येकडून रुग्ण येतात. परमप्रसाद घेऊन आजाऱ्यांकडे जाताना आम्हांला अशी कुटुंबे भेटतात, ज्यांना मराठी कळत नाही आणि हिंदीही जेमतेम कळते. किरणोपचाराच्या खोलीचे जाड दार लागले की आत रुग्ण एकटा असतो. ध्वनिसंचातून त्याचा आवाज बाहेर येतो, पण त्याची भाषा बाहेरच्या तंत्रज्ञाला समजेलच असे नाही. त्यामुळे किरणोपचारात सर्वत्र एक प्रघात आहे. यंत्र सुरू करण्याआधी रुग्णाला खुणेने दाखवून ठेवतात: काही झाले, नुसता जीव घाबरला तरी, हात वर करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो हात दिसला की बाहेरचा माणूस यंत्र थांबवतो.